गिरगावची चित्रपटगृहे आणि बंद दारांमागची जमीन

मुंबईतली चर्नी रोड आणि ग्रँट रोड ही दोन स्थानके, त्यांच्या पूर्वेकडच्या गिरगावच्या चाळी, उत्तरेकडचा लॅमिंग्टन रोड आणि मध्ये ऑपेरा हाऊसचा चौक एवढा पट्टा अर्ध्या तासात पायी पालथा घालता येतो. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक मोठ्या घटना याच पट्ट्यात घडल्या. 'श्री पुंडलिक', 'राजा हरिश्चंद्र', 'आलम आरा', 'अयोध्येचा राजा' आणि 'संत तुकाराम' हे चित्रपट मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिले ते इथल्या पडद्यांवर. ज्या इमारतींत ते पाहिले गेले, त्यांतल्या बहुतेक आज चित्रपटगृहे म्हणून उरलेल्या नाहीत. काही पाडल्या गेल्या, काहींचे व्यापारी संकुल झाले आणि काही वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिल्या. कोणती इमारत टिकेल आणि कोणती जाईल, हे ठरवण्यात चित्रपटाच्या यशापयशाचा वाटा मर्यादित होता. जमीन कोणाची, ती कोणत्या करारावर दिलेली आणि तिचा भाव कुठे पोहोचलेला, यांवर निकाल लागत गेला.

करमणुकीची वस्ती म्हणून हा भाग चित्रपटाच्या आधीपासून ओळखला जात होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने 1846 मध्ये ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले. विष्णुदास भावे यांनी 1853 मध्ये सांगलीहून येऊन तिथे मराठी नाटकांचे प्रयोग केले. त्यानंतर पारशी नाटक मंडळ्यांनी याच परिसरात आपले बस्तान बसवले आणि ग्रँट रोडच्या पूर्वेला नाट्यगृहांची अशी दाटी झाली की मुंबईकर त्या भागाला 'प्लेहाऊस'च्या अपभ्रंशाने पिला हाऊस म्हणू लागले. संध्याकाळी घराबाहेर पडून, पैसे मोजून, अंधारात अनोळखी माणसांशेजारी बसून खेळ पाहण्याची सवय इथल्या लोकांना आधीच लागलेली होती. चित्रपट आला तो या तयार प्रेक्षकांपुढे.

चलत्चित्रांचा देशातला पहिला खेळ मात्र गिरगावात झाला नाही. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या माणसांनी तो काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात केला. तिकीट एक रुपया होते आणि समोर बसलेले बहुतेक लोक युरोपीय होते. पुढच्याच आठवड्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलले आणि शहरातल्या इतर लोकांपर्यंत पोहोचले. तरी चित्रपट वस्तीत रुजला तो तंबूंमुळे. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायला घेतले होते. त्यांतला सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, गिरगावाच्या टोकाशी येतो. नव्या रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा तंबूंसाठी सोयीच्या होत्या. अशाच एका तंबूत, अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये, 1911 मध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला.

तंबूंच्या शेजारीच पक्की बांधकामे उभी राहू लागली. सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 18 मे 1912 रोजी दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला. पुढच्या वर्षी 21 एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिम्पियात निमंत्रितांपुढे 'राजा हरिश्चंद्र'चा खेळ झाला आणि 3 मे 1913 पासून तो कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी खुला झाला. सुमारे 3700 फुटांचा हा चित्रपट एकट्याने तिकिटाचा मोबदला देऊ शकेल, असा भरवसा तेव्हा कोणाला नव्हता. म्हणून त्याच कार्यक्रमात नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. कॉरोनेशनची इमारत आज नाही. भारतीय चित्रपटाच्या जन्माची प्रत्यक्ष जागा दाखवणारी वास्तू गिरगावात उरली नाही, ही हानी कोणत्याही स्मारकाने भरून निघणारी नाही.

त्यानंतरच्या वीस वर्षांत या पट्ट्यात एकामागून एक चित्रपटगृहे उभी राहिली. गिरगावात मॅजेस्टिक आणि सेंट्रल झाली, पुढे ड्रीमलँड या नावाने चालू राहिलेले कृष्ण आले. ऑपेरा हाऊसजवळ रॉक्सी आणि लॅमिंग्टन रोडवर इंपीरियल आणि मिनर्व्हा ही नावे प्रसिद्ध झाली. दर्शनी भाग अरुंद आणि आतला सभामंडप खोल, अशी यांतल्या बहुतेकांची रचना होती, कारण रस्त्याकडेची जागा महाग होती आणि ती दुकानांना देऊन भाडे मिळवता येत असे. हे चित्रपटगृह बांधतानाचे गणित होते. पन्नास-साठ वर्षांनी तीच दुकाने आणि तेच भाडेकरू मालकांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न ठरले.

मॅजेस्टिकचे नाव इतिहासात राहिले ते 14 मार्च 1931 या तारखेमुळे. अर्देशीर इराणी यांनी इंपीरियल फिल्म कंपनीतर्फे काढलेला 'आलम आरा', हिंदुस्थानातला पहिला पूर्ण लांबीचा बोलपट, त्या दिवशी तिथे लागला. इराणी आणि त्यांचे भागीदार अब्दुलअली युसुफअली चित्रपट दाखवण्याच्या धंद्यातूनच निर्मितीकडे वळले होते, त्यामुळे बोलपटाला लोक कसे येतील याचा अंदाज त्यांना इतरांपेक्षा अधिक होता. तरीही जमलेली गर्दी अंदाजापलीकडची निघाली. रांगा मोडल्या, चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात गेले आणि बंदोबस्ताला पोलीस बोलवावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत, 1932 मध्ये, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपटही मॅजेस्टिकमध्येच लागला. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही आणि तो जिथे ऐकला गेला ते सभागृहही नाही.

सेंट्रलची कीर्ती वेगळ्या कारणाने. 12 डिसेंबर 1936 रोजी तिथे 'संत तुकाराम' लागला आणि एकाच पडद्यावर सलग 57 आठवडे चालला. एका चित्रपटाने एका जागी वर्षभराहून अधिक काळ मुक्काम ठोकावा, हे तोवर घडले नव्हते. दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाइतकेच त्याचे श्रेय सेंट्रलच्या जागेलाही द्यायला हवे. भोवती वारकरी परंपरेत वाढलेली, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे चाळींमधून दाटीने राहत होती. चर्नी रोड स्थानक जवळ होते, ट्राम होती आणि रात्रीचा खेळ संपल्यावर बायकामुलांना घेऊन चालत घरी जाता येत होते. शेजारच्या वस्तीतूनच पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा प्रेक्षकांवरच 57 आठवड्यांचा हा मुक्काम उभा राहू शकत होता.

त्या काळच्या चित्रपटगृहाची अंतर्गत व्यवस्था नीट पाहायला हवी, कारण पुढे इमारत बंद पडल्यावर तिचे काय करता येईल आणि काय नाही, हे याच व्यवस्थेने ठरवले. सुरुवातीच्या फिल्मचा आधार नायट्रेटचा होता. तो भराभर पेट घेई आणि एकदा पेटला की विझवणे जवळजवळ अशक्य असे. 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना सक्तीचा केला, त्यामागे सेन्सॉरइतकीच आगीची धास्ती होती. म्हणून प्रक्षेपणाची खोली जाड भिंतींची असे, पडद्याच्या बाजूच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा असत आणि तिथे जाण्याचा जिना प्रेक्षकांच्या वाटेपासून वेगळा ठेवलेला असे. आत दोन प्रक्षेपक शेजारी-शेजारी उभे असत. हजार फुटांचे रीळ सुमारे 11 मिनिटांत संपते, दुहेरी रीळ 22 मिनिटांत. एक संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारी खूण पाहून ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी. ज्याच्या हातून हा सांधा प्रेक्षकांच्या लक्षात येत नसे, तो ऑपरेटर नावाजला जाई. प्रकाश कार्बनच्या कांड्यांमधल्या विद्युतज्योतीचा. कांडी जळत जाई तशी ती पुढे सरकवावी लागे, त्यामुळे खेळभर यंत्राजवळून हलण्याची सोय नव्हती. उकाडा, धूर आणि अखंड खडखडाट यांत हे काम चाले.

खाली सभागृहात दरांप्रमाणे वर्ग ठरलेले असत. पडद्यालगतचा पीट सर्वांत स्वस्त, मागे स्टॉल, वर बाल्कनी आणि काही ठिकाणी बॉक्स. दिवसाला साधारणपणे तीन, सहा आणि नऊचे खेळ होत, सुट्टीच्या दिवशी मॅटिनी वाढे. तिकीटखिडक्या वर्गांप्रमाणे वेगळ्या असत आणि पिटाची वाट बहुधा बाजूच्या गल्लीतून काढलेली असे. डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, सफाई कामगार, उपाहारगृहवाला, दर शुक्रवारी नवे फलक चढवणारे आणि ते रंगवणारे असे कित्येकांचे पोट एका इमारतीवर चाले. शेजारच्या इराण्याचा धंदाही खेळाच्या वेळांशी बांधलेला असे. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीत वितरकांची कार्यालये होती. शुक्रवारी पहिला खेळ सुटला की कुठे किती गल्ला जमला याच्या बातम्या तिथे पोहोचत आणि चित्रपटाचे भवितव्य संध्याकाळपर्यंत धंद्यातल्या लोकांना कळून चुके.

वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक यांचा व्यवहार दोन प्रकारांनी चाले. मालक ठरावीक साप्ताहिक भाडे घेई किंवा गल्ल्यातला हिस्सा घेई. भाड्याच्या पद्धतीत मालकाचा धोका कमी होता, पण चित्रपट कितीही चालला तरी त्याची मिळकत वाढत नसे. त्यामुळे इमारतीची दुरुस्ती, नवी आसने, वातानुकूलन यांवर खर्च करण्याची ओढ कमी राहिली. 1980 नंतर प्रेक्षक घटू लागला तेव्हा यांतली अनेक सभागृहे चाळीस वर्षांपूर्वीच्या लाकडी खुर्च्यांवरच चालली होती.

मराठी चित्रपटाची स्थिती या व्यवस्थेत नेहमीच ओढाताणीची राहिली. प्रभातच्या काळात गिरगाव हे मराठी चित्रपटाचे हक्काचे ठिकाण होते. पुढे हिंदी चित्रपटाला जास्त भाडे मिळू लागल्यावर मराठी चित्रपट मॅटिनीत ढकलला गेला. सर्व चित्रपटगृहांनी वर्षातून ठरावीक आठवडे मराठी चित्रपट दाखवावेत, असा नियम राज्य सरकारला करावा लागला. 1971 मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले. मराठीला कायम जवळ करणारे मोठे चित्रपटगृह म्हणून गिरणगावातल्या भारतमाताचे नाव घेतले जाते. तेही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात गेलेल्या गिरणीच्या जमिनीवर उभे असल्याने कित्येक वर्षे रिकामे करण्याच्या नोटिशीखाली राहिले. 1982 च्या गिरणी संपानंतर त्याचा कामगार प्रेक्षक विखुरला आणि गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. गिरगावचा प्रश्न याच जातीचा होता, फक्त गिरणीच्या जागी तिथे चाळ होती.

या भागातले सर्वांत ठळक नाव पडले ते टीव्ही, व्हिडिओ किंवा मल्टिप्लेक्समुळे नव्हे. मॅजेस्टिक 1972 मध्ये पाडले गेले. मुंबईत दूरदर्शन आले ते त्याच वर्षी आणि चित्रपटाचा धंदा तेव्हा तेजीत होता. तीन वर्षांनी, 15 ऑगस्ट 1975 रोजी, 'शोले' जवळच्याच मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तिथे राहिला. म्हणजे प्रेक्षक कमी झाले म्हणून मॅजेस्टिक गेले, असे म्हणता येत नाही. गिरगावातल्या त्या भूखंडावर दुकाने बांधली तर मिळणारे पैसे तिकिटांच्या गल्ल्यापेक्षा जास्त होते, एवढे कारण पुरेसे ठरले. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर झाले. चित्रपटगृहाच्या शेजारी केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या पुस्तकांच्या दुकानाने, आणि पुढे प्रकाशनसंस्थेने, ते नाव मराठी वाचकांच्या ओठांवर ठेवले. मराठीत आज मॅजेस्टिक म्हटले की पुस्तके आठवतात, 'आलम आरा' क्वचितच.

पुढची गळती मात्र अनेक कारणांनी झाली. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, त्यामागोमाग व्हिडिओ कॅसेट आणि 1990 नंतर केबल. घरबसल्या चित्रपट मिळू लागल्यावर आधी कुटुंबांनी चित्रपटगृहाकडे पाठ फिरवली. कुटुंबे येईनात म्हणून मालकांनी खर्च कमी केला, आणि सभागृह कळकट झाले म्हणून उरलेलेही येईनात. याच काळात गिरगावची वस्ती पातळ होत होती. चाळींतल्या खोल्या वाढत्या कुटुंबांना अपुऱ्या पडल्या आणि दुसरी पिढी पार्ले, गोरेगाव, बोरिवली, डोंबिवलीकडे गेली. चालत येणारा प्रेक्षक गेला की अशा चित्रपटगृहाचा पायाच निघतो. लांबून गाडीने येणाऱ्यासाठी तिथे गाडी लावायला जागा नव्हती आणि उपनगरात राहायला गेलेल्याला गिरगावात परत येऊन चित्रपट पाहण्याचे कारण नव्हते.

करांनी उरलेसुरले बळ काढून घेतले. 1923 च्या कायद्यापासून चित्रपटाच्या तिकिटावर करमणूक शुल्क होते आणि या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात त्याचा दर देशातल्या चढ्या दरांपैकी होता. 2001 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना उत्तेजन देण्यासाठी पहिली तीन वर्षे पूर्ण करमाफी आणि पुढची दोन वर्षे मोठी सवलत दिली. एकपडदा चित्रपटगृहांना तशी सवलत नव्हती. चार-पाच लहान पडदे, वातानुकूलन, वाहनतळ आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीतून होणारी कमाई असलेल्या नव्या स्पर्धकाला वर करमाफीही मिळाली. या धोरणात जुन्या चित्रपटगृहांवर अन्याय झाला, असेच म्हणावे लागते, कारण मदतीची गरज त्यांनाच अधिक होती. 1 जुलै 2017 पासून वस्तू आणि सेवा कर आला. 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 18 टक्के आणि त्यावर 28 टक्के असे त्याचे दर होते. ते 2019 च्या सुरुवातीला अनुक्रमे 12 आणि 18 टक्क्यांवर आले. तोवर बरीच दारे बंद झाली होती. मधल्या काळात 35 मिमी फिल्म संपली, चित्रपट डिजिटल स्वरूपात येऊ लागले आणि जुने प्रक्षेपक भंगारात गेले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने सर्वच सभागृहे बंद केली. 22 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यातली चित्रपटगृहे पुन्हा उघडली तेव्हा अनेक एकपडदा सभागृहांचे मालक कुलूप काढायला पुढे आले नाहीत.

बंद चित्रपटगृह वर्षानुवर्षे तसेच पडून राहते, याचे पहिले कारण इमारतीच्या रचनेत आहे. गोदाम, वाडा किंवा जुनी कचेरी यांना दुसरा उपयोग लावता येतो. चित्रपटगृहाला खिडक्या नसतात, जमीन उतरती असते, मध्ये खांब न ठेवता मोठे छप्पर पेललेले असते आणि आत उजेड व हवा येण्याची नैसर्गिक वाट नसते. तिथे कार्यालय किंवा घरे करायची तर आतले सगळे काढून टाकावे लागते. दुसरे कारण मालकीचे. जमीन एका घराण्याची किंवा न्यासाची, इमारत दुसऱ्याची, चित्रपट दाखवण्याचा हक्क तिसऱ्याकडे भाडेपट्ट्याने आणि रस्त्याकडेची दुकाने संरक्षित भाडेकरूंकडे, असा गुंता सर्रास आढळतो. यांतला एक जरी न्यायालयात गेला तरी सगळे थांबते. तिसरे कारण परवान्याचे. मुंबई सिनेमा नियमन कायद्याखालचा परवाना, अग्निशमन दलाची संमती, विजेची आणि बांधकामाची प्रमाणपत्रे ही चालू सभागृहाला नूतनीकरणात मिळतात. एकदा बंद पडलेल्याला ती आजच्या निकषांवर नव्याने मिळवावी लागतात आणि नव्वद वर्षांपूर्वीचे जिने व दरवाजे त्यांत बसत नाहीत. दरम्यान मालमत्ता कर चालूच राहतो.

चौथे कारण विकास नियंत्रण नियमावलीतले. चित्रपटगृहाच्या भूखंडावर नवी इमारत बांधायची असेल तर तिच्यात काही आसनांचे चित्रपटगृह ठेवावे लागते, अशी अट मुंबईत दीर्घकाळ आहे. शहरातली करमणुकीची जागा घरांच्या बांधकामात गिळली जाऊ नये, हा तिचा हेतू योग्य होता. चित्रपटगृहमालकांच्या संघटना मात्र ती रद्द करण्याची मागणी सातत्याने करत आल्या आहेत. तोट्याचा धंदा नव्या इमारतीतही सक्तीने का चालवायचा, असा त्यांचा सवाल आहे. अट असल्यामुळे मालक पाडत नाही आणि चालवणे परवडत नसल्यामुळे उघडतही नाही. अनेक बंद सभागृहांच्या अनिश्चिततेची मुळे या कोंडीत आहेत.

या सगळ्यातून सुटलेले गिरगावचे एकच मोठे उदाहरण आहे आणि त्याचा तपशील बोलका आहे. रॉयल ऑपेरा हाऊसची कल्पना मॉरिस बँडमन या नाटकमंडळीच्या चालकाची आणि जहांगीर फ्रामजी कराका या कोळशाच्या व्यापाऱ्याची. 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केले तेव्हा बांधकाम अपुरेच होते, ते पुढची काही वर्षे चालू राहिले. युरोपीय बरोक शैलीचा दर्शनी भाग, घुमटाकार छत, मागे बॉक्सच्या रांगा आणि वरच्या सज्जातही स्पष्ट ऐकू यावे अशी ध्वनियोजना हे त्याचे विशेष. बालगंधर्वांनी आणि दीनानाथ मंगेशकरांनी इथल्या रंगमंचावर प्रयोग केले. 1935 मध्ये आयडियल पिक्चर्सने त्याचे चित्रपटगृह केले, तेव्हा आतली मूळ रचना बरीच बदलली आणि बॉक्स निघाले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सने 1945 मध्ये 'शकुंतला'चा प्रयोग इथेच केला. 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. चित्रपट चालत राहिले, 1990 नंतर उत्पन्न ढासळले आणि 1993 मध्ये दारे बंद झाली.

त्यानंतर 23 वर्षे ही वास्तू बंद होती. छत गळत होते, लाकूड कुजत होते, पण चौकाला नाव ऑपेरा हाऊसच राहिले आणि आजूबाजूला हिऱ्यांचा बाजार भरभराटीला आला. त्या काळात तिचे काही होईल असे फार थोड्यांना वाटत असावे. ती वाचली, कारण तीन गोष्टी जुळून आल्या. मालकी एका घराण्याकडे होती आणि ते घराणे थांबू शकत होते. 1995 च्या वारसा नियमावलीमुळे संरक्षित वास्तू पाडता येत नव्हती. आणि तिच्याकडे चित्रपटाव्यतिरिक्त मूळचे एक काम होते, रंगमंचाचे. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी आधी बाहेरचा भाग आणि छप्पर सावरले, मग जुन्या छायाचित्रांच्या आधाराने 1935 मध्ये गेलेले बॉक्स नव्याने उभे केले. 2012 मध्ये जागतिक स्मारक निधीच्या निरीक्षण यादीत तिचे नाव आले. ऑक्टोबर 2016 मध्ये मूळच्या मुंबईच्या गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने ती पुन्हा उघडली आणि 2017 मध्ये तिला युनेस्कोचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

पण वाचले ते नाट्यगृह. रोज तीन, सहा, नऊला वस्तीसाठी उघडणारे चित्रपटगृह परत आले नाही. पीट, चार आण्यांचा वर्ग, चाळीतून चालत येणारी कुटुंबे या गोष्टी 1911 च्या मूळ स्वरूपाकडे जाणाऱ्या जीर्णोद्धारात बसणाऱ्याही नव्हत्या. अठ्ठावन्न वर्षांचा चित्रपटगृहाचा काळ संवर्धनाच्या दृष्टीने मधला बदल ठरला. गिरगावच्या सामान्य माणसाचा त्या वास्तूशी सर्वांत जवळचा संबंध मात्र त्याच काळात आला होता. संवर्धनाच्या कौशल्याला यामुळे बाध येत नाही, तरी जतनाच्या हिशेबात ही बाजू मांडली जायला हवी.

गिरगावाबाहेरची उदाहरणे हेच दाखवतात. चर्चगेटचे 1938 चे इरॉस 2017 मध्ये मालकीच्या वादात बंद झाले. ते युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या परिसरात असल्याने त्याचा बाह्य डौल राखावा लागला. 2024 मध्ये ते एका मोठ्या आयमॅक्स पडद्यासह उघडले, बाकीची जागा दुकानांना गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे कॅपिटॉल 1879 मध्ये गेइटी नाट्यगृह म्हणून सुरू झाले. भारतातले पहिले चित्रीकरण करणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, पुढे त्याचे व्यवस्थापक होते. 1928 पासून चित्रपटगृह झालेली ही इमारतही बंद पडली. मोक्याची जागा, वारसा दर्जा आणि सतत वाहती गर्दी असूनही तिला नवे काम सहज सापडले नाही. दादरचे चित्रा 2019 मध्ये बंद झाले, कोहिनूरच्या जागी आधीच संकुल उभे राहिले होते.

जी उदाहरणे साधली ती सर्व दक्षिण मुंबईतल्या प्रतिष्ठित वास्तूंची आहेत. वस्तीतल्या साध्या चित्रपटगृहाला वारसा यादीत जागा क्वचित मिळते, कारण यादी शिल्प आणि शैली पाहते. एका भिंतीमागे 57 आठवडे 'संत तुकाराम' चालला, ही गोष्ट दर्शनी भागावर कोरलेली नसते. गिरगावातून भुयारी मेट्रो गेली आहे, चाळींच्या पुनर्विकासाला वेग आला आहे आणि भूखंडांचे भाव पुन्हा चढले आहेत. चित्रपटगृह ठेवण्याची अट रद्द झाली तर उरलेल्या बहुतेक सभागृहांच्या जागी निवासी किंवा व्यापारी इमारती उभ्या राहतील. अट आहे तशीच राहिली तर कुलपे आणखी काही वर्षे टिकतील. तिसरा पर्याय लहान पडद्याचा आहे. नव्या इमारतीत दीड-दोनशे आसनांचे, मराठी चित्रपट आणि नाटक दोन्ही होऊ शकेल असे सभागृह बांधायचे आणि त्यासाठी मालकाला मालमत्ता करात किंवा वाढीव बांधकामात भरपाई द्यायची. वारसा वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद नियमावलीत आधीपासून आहे. तीच वस्तीतल्या चित्रपटगृहांना लावण्यासाठी शासनाला वारसा ठरवण्याचे निकष इमारतीच्या रूपाबरोबर तिथे घडलेल्या इतिहासापर्यंत वाढवावे लागतील.